विसावलेले ठोके

पायवाटेच्या कडेला, सुरूच्या झाडाखाली तो माणूस इतका निश्चल पडला होता की डॉक्टर जेरोनो मोटारसायकलवरून उतरली आणि तांबड्या चिखलात गुडघे टेकून तिने त्याच्या मनगटावर बोटं ठेवली. अर्ध्या मिनिटात एकोणीस ठोके.

"मोजून झालं की सांगा," डोळे न उघडताच तो म्हणाला, "म्हणजे कूस बदलता येईल."

मग त्याने डोळे उघडले, आणि तिच्या बोटांखालची ती संथ नाडी एकाएकी पळू लागली. तिने हात काढून घेतला – थोडा उशिराच.

"रस्त्यावर मेल्यासारखं पडू नये माणसाने."

"पहाटे तीस किलोमीटर धावल्यावर, डॉक्टर, जिवंतासारखं पडायला बळ उरत नाही."

त्याचं नाव किमोसोप. पंधरा दिवसांनी तो दवाखान्यात आला, तेव्हा त्याच्या हातात एक कागद होता. परदेशातल्या धावपटूंच्या एका संघाने त्याला वर्षभरासाठी बोलावलं होतं. मात्र इथल्या सराव-छावणीतल्या तपासणीत मिनिटाला अडतीस ठोके भरले होते, आणि संघाच्या डॉक्टरने त्याला न पाहताच शेरा मारला होता: हृदयविकाराची शंका, तूर्त अपात्र. चौदा तारखेपर्यंत, सलग तीन दिवस, डॉक्टरच्या समक्ष, विश्रांतीतल्या ठोक्यांचा आलेख पाठवला तर फेरविचार होणार होता.

जेरोनोने तो शेरा दोनदा वाचला. तिला राग आला की तिचा आवाज उंचावत नसे, तो अधिक व्याकरणशुद्ध होई. "कुठल्याशा थंड शहरात बैठ्या लोकांच्या नाड्या मोजून कोणीतरी साठ ते शंभर ही मर्यादा पुस्तकात घातली. तेव्हापासून त्यात न बसणारं हृदय आजारी आणि ते पुस्तक निरोगी. धावून धावून हृदय प्रशस्त होतं, एका ठोक्यात दीडपट रक्त ढकलतं. त्याला घाई करण्याचं कारणच उरत नाही. झोपा."

तारा जोडल्या. यंत्रातून कागद सरकू लागला. सहासष्ट.

दुसऱ्या दिवशी चौसष्ट. मध्येच ती औषधांच्या खोलीत गेली, आणि परतली तेव्हा तापसुबेई मावशी – दवाखान्याच्या जुन्या परिचारिका – कागद हातात घेऊन उभ्या होत्या.

"इथे एकोणचाळीस," त्यांनी नख टेकवलं, "आणि इथे बाईसाहेब दारातून आत आल्या. बघा कशी दाटी झाली लाटांची."

जेरोनोने किमोसोपकडे पाहिलं. त्याचा चेहरा दगडासारखा होता. इथल्या पोरांना वयात येतानाच्या दीक्षाविधीतच शिकवतात, की पापणीसुद्धा हलता कामा नये.

"चेहऱ्यात काय शोधता?" मावशी म्हणाल्या. "तिथे काही सापडायचं नाही. कागद वाचा."

"चौसष्टच लिहा ना," किमोसोप छताकडे बघत म्हणाला. "त्यांच्या पुस्तकात बसतं. मी सुटेन, तुम्हीही सुटाल."

"आणि छावणीचा आकडा? दोन्ही जुळले नाहीत तर ते म्हणतील, इकडची कागदपत्रंच खोटी. त्यांचं पुस्तक खूश राहावं म्हणून मी निरोगी हृदयाबद्दल खोटं लिहिणार नाही."

"मग?"

"मग सवय. रोज चारला यायचं, पडून राहायचं. मी शेजारी बसणं ही काही मोठी घटना नाही, हे तुमच्या हृदयाला पटेपर्यंत."

"त्याला पटवणं अवघड आहे, डॉक्टर… फार हट्टी आहे ते."

तो रोज चारला येऊ लागला. पत्र्यावर पाऊस वाजे, दरीतून धुकं वर येई. ती पुस्तक उघडून बसे आणि पान उलटत नसे.

"तुम्ही आलात हे त्याला कळतं कसं?" त्याने एकदा विचारलं. "त्याला डोळे तर नाहीत."

"मेंदूतून एक नस मानेमधून खाली उतरते – लगामासारखी. विश्रांतीत ती हृदयाला आवरून धरते. मन जरा हललं की लगाम सैल… वेग वाढायला चाबूक लागतोच असं नाही."

"म्हणजे तुम्ही आलात की लगाम सुटतो."

"शरीरशास्त्रात असं कोणाचं नाव घालून लिहीत नाहीत."

अठ्ठावन्न. बावन्न. सत्तेचाळीस. तो तिला आपल्या आंधळ्या गाईबद्दल सांगे, ती नैरोबीच्या वसतिगृहातल्या एकटेपणाबद्दल. बारा तारखेला एक्केचाळीस भरले, तेराला चाळीस. चौदाला पुन्हा एक्केचाळीस – ती शेजारी असताना, तिची बाही त्याच्या हाताला लागत असताना. तिने तीन दिवसांचे आलेख कापले, जिना चढवल्यावर वेग कसा चोख वाढतो त्याचा चौथा जोडला, आणि खाली एक अत्यंत व्याकरणशुद्ध पत्र लिहिलं.

किमोसोप उठला नाही. "एक सांगू? आकडा उतरला म्हणजे… माझ्या बाजूने काही कमी झालं, असं समजू नका."

"धडधड काय, कुत्रं अंगावर आलं तरी होते," ती पाकिटाकडे बघत म्हणाली. "ज्याच्याजवळ हृदय विसावतं, अशी माणसं थोडी असतात. इतकं मला पुस्तकाशिवाय कळतं."

"आणि तुमचे ठोके?"

स्वतःचं मनगट धरून, घड्याळाकडे बघत तिने प्रामाणिकपणे मोजले. "एकशे चार… मला अजून सवय झालेली नाही. बहुधा बरेच दिवस लागतील."

"मी वीस तारखेला निघतोय."

"मग तुमच्या वडीलधाऱ्यांना त्याआधी आमच्या घरी पाठवा. पहिल्या खेपेला आमचे बाबा उत्तर देत नाहीत, तशी रीतच आहे. तेव्हा उद्याच पाठवा."

किमोसोपची पापणीही हलली नाही. तारा मात्र अजून जोडलेल्याच होत्या. यंत्र भराभर कागद ओकत होतं, त्यावरच्या लाटा एकमेकींवर चढत होत्या.

तापसुबेई मावशींनी तो तुकडा फाडला आणि घडी करून जेरोनोच्या कोटाच्या खिशात घातला. "हा पाकिटात नको," त्या म्हणाल्या. "परदेशातल्या डॉक्टरला नसती काळजी लागेल."