निळ्या पट्ट्याचं कुलूप

भाऊ गेल्यावर त्याची कपाटं आवरायची राहिली होती, म्हणून त्या दिवशी दुपारीच मी भाचीकडे गेले. कपडे वेगळे काढले, चष्मे वेगळे काढले, उरलेली औषधं फेकून दिली. दिवेलागण झाली तशी भाचीने पेटवलेला कंदील आणून टेबलावर ठेवला. वीज गेलेली नव्हती. समोरच्या घरांत दिवे होते, कुणाचा तरी टीव्ही मोठ्याने चालू होता. पण या घरात कंदीलच लागायचा, कारण भाऊ कुणाला भिंतीवरचं बटण दाबू द्यायचा नाही. पंखा नाही, दिवा नाही, मिक्सर तर नाहीच नाही. "थांबा, आत कोण आहे ते बघा आधी!" असं ओरडत तो खोलीभर फिरायचा, पलंगाखाली वाकून बघायचा आणि अगदीच अडलं तर स्वतः बटण दाबायचा, तेही डोळे मिटून. भाची त्याची नक्कल फार छान करायची. वहिनी होती तोवर तीही पोट धरून हसायची.

"आता तरी दिवा लाव की गं," मी म्हटलं.

"असू दे आत्या. सवय झालीय."

तिने कंदिलाची वात सारखी केली. मग म्हणाली, "कारखाना आता माझ्याकडे आलाय. सुरक्षेसाठी एक जबाबदार संचालक दाखवावा लागतो म्हणे. वकीलकाका म्हणतात, नुसती सही आहे. तू विम्यात होतीस, तुला काय वाटतं?"

'नुसती सही' हे शब्द मी याआधी एकदा ऐकले होते, आणि ऐकवणारा तिचाच बाप होता. मी चष्मा काढून ठेवला.

"खटल्याचं तुला माहीत आहे," मी म्हटलं. "कुलपाचं माहीत नाही. बस इथे."

माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी. दूधवाला म्हणाला की आज दूध घट्ट आहे, तर मी बोट बुडवून बघते. त्यात नोकरी मिळाली ती विमा कंपनीत, अपघातांचे दावे तपासायची. हात गेलेली माणसं, डोळा गेलेली माणसं, आणि त्यांच्याशेजारी उभे राहून 'त्याचाच निष्काळजीपणा' म्हणणारे मालक, हेच मी जन्मभर बघितलं. त्यामुळे माझा भाऊ, जो माझ्याकडे कायम हात हलवत यायचा, तो एके दिवशी फळांची करंडी घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा मी त्याला आधी आपादमस्तक न्याहाळलं आणि मगच आत घेतलं.

"ताई, बाबांनी तुला संचालक केलंच आहे," तो म्हणाला. "आता सुरक्षेची जबाबदारी तुझ्या नावावर दाखवतो. नुसती सही. आणि तारीख जरा... गेल्या वर्षीची घाल. म्हणजे सगळं जुळतं."

मागची तारीख कोण मागतं आणि का मागतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. कायदाही मला पाठ होता. वरच्या खुर्चीतल्या माणसाला 'मला माहीत नव्हतं' म्हणून सुटता येत नाही. माहीत करून घेणं हेच त्याचं काम. कामावरचा कोण धोक्यात आहे ते त्याने विचारायचं, स्वतः जाऊन बघायचं, आणि काम थांबवावं लागलं तर त्यानेच थांबवायचं.

"आधी कारखाना बघते," मी म्हटलं.

"काय बघायचंय त्यात?"

"ते बघितल्यावर कळेल."

सुट्टीच्या दिवशी भर दुपारी आम्ही गेलो. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि पत्र्याच्या शेडमध्ये मात्र डोळ्यांना काही दिसेना. कपडे धुवायच्या साबणाची पूड तिथे व्हायची. पूड सगळीकडे, जमिनीवर, खिडक्यांवर, कोळ्याच्या जाळ्यांवरसुद्धा. पावलांचा आवाज त्यात जिरून जायचा. लिंबाच्या अत्तराचा वास तर असा दाटलेला की पहिल्या श्वासाला बरं वाटावं आणि नंतर मळमळावं. बाबांच्या वेळचा फोरमन आमच्यासाठी मुद्दाम आला होता. एरवी मला बघून तोंडभर हसणारा माणूस, त्या दिवशी त्याने नुसती मान हलवली.

शेडच्या टोकाला पूड ढवळायचा मोठा ड्रम होता. माणूस आत उतरून उभा राहील एवढा, पोटात लोखंडी पाती असलेला. शेजारच्या भिंतीवर त्याचा मेन स्विच, आणि त्या स्विचच्या दांड्याला एक कुलूप.

हे कुलूप काय असतं ते मला लहानपणापासून माहीत होतं. बाबांचा नियमच होता. ड्रम साफ करायला, दुरुस्त करायला जो आत उतरेल, त्याने आधी स्विच बंद करून त्याला स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली गळ्यात अडकवून आत जायचं. ज्याचं कुलूप, त्यानेच बाहेर येऊन काढायचं. दुसऱ्याच्या कुलपाला कुणी हात लावायचा नाही, मालकानेसुद्धा नाही. ओळख पटावी म्हणून प्रत्येक जण आपापल्या कुलपावर रंगाची खूण करायचा. या कुलपावर निळा पट्टा होता. सगळ्या शेडवर पुडीचा थर, आणि हे मात्र लख्ख पुसल्यासारखं.

"हे अजून इथेच?" भाऊ फोरमनवर खेकसला.

"काल कापलं होतं साहेब. परवाही कापलं होतं." फोरमन हळूच बोलला. "सकाळी येऊन बघतो तर... पुन्हा लागलेलं."

"कामगारांची नाटकं आहेत, ताई. ड्रम चालू द्यायचा नाही त्यांना."

मला ते खरं वाटलं नाही. पण फोरमनही माझी नजर चुकवत होता, म्हणून तोही मला खरा वाटेना. मी विचारलं, "निळा पट्टा कुणाचा?"

"वेल्डरचा," फोरमन म्हणाला.

"तो काम सोडून गेला," भाऊ घाईने म्हणाला. फोरमन आपल्या बुटांकडे बघत राहिला.

"काप ते," भाऊ म्हणाला. फोरमनने मोठा कटर आणला. कुलूप तुटून पुडीत पडलं, त्याचा आवाजही झाला नाही. भावाने झाकण उघडून आत टॉर्च मारला, मलाही बघायला लावलं. ड्रम रिकामा होता. पाती, आणि पात्यांवर वाळलेला साबण, एवढंच. भावाने झाकण लावलं आणि हात झटकले.

तेव्हा तो आवाज आला. खर्र... खर्र... थोडं थांबून परत खर्र. पत्र्यावरचा वाळलेला साबण कुणीतरी सावकाश खरवडत होतं. घाई नाही, राग नाही. सुट्टी होईपर्यंत काम संपवायचं आहे, अशा संथपणे.

"उंदीर," भाऊ म्हणाला, पण त्याचे ओठ पांढरे पडले होते.

मी ड्रमला कान लावला. खरवडणं थांबलं. मग आतून, अगदी माझ्या कानाशी, कुणीतरी बोटाच्या पेराने टकटक केली. आत माणूस आहे हे बाहेरच्याला कळावं म्हणून करतात तशी.

मी मागे सरकले. "स्विच लावू नकोस," मी म्हटलं.

"ताई, तू स्वतः बघितलंस आत कुणी नाही..."

तो वैतागून स्विचकडे वळला आणि जागच्या जागी थांबला. दांड्याला कुलूप होतं. निळ्या पट्ट्याचं, बंद. कापलेलं कुलूप त्याच्या पायाशी तसंच पडलं होतं. आम्ही तिघंही तिथे होतो, कुणी हललं नव्हतं. मी धीर करून हात लावला. लोखंड कोमट होतं, कुणीतरी नुकतंच मुठीतून सोडल्यासारखं.

"वेल्डर कुठे आहे?" मी भावाला विचारलं. विम्यात असताना विचारायचे तसं, आवाज न चढवता.

तो खाली पुडीतच बसला. "मला वाटलं तो जेवायला गेला... कुलूप काढायला विसरला असेल. माल न्यायला ट्रक उभा होता, ताई. मी कुलूप कापून स्विच लावला..."

"हाक मारलीस?"

तो पुडीत बोटाने रेघा ओढत राहिला.

"नाही मारली," फोरमन म्हणाला.

मग उरलेलं फोरमनने सांगितलं. वेल्डर छपरावरून पडून मेला असं बाहेर सगळ्यांना सांगितलं होतं. वेल्डरच्या बायकोला ते पटलं नव्हतं. तिने तक्रार केली होती आणि आता चौकशी येणार होती. "तू बाईमाणूस, वयाने मोठी," भाऊ मला म्हणत होता, "तुला कुणी काही करणार नाही गं..."

माझा सख्खा भाऊ. लहानपणी त्याच्या पायातला काटा मी दाताने काढलेला. मला त्या क्षणी त्याची इतकी किळस आली की मी तडक ऑफिसात जाऊन बसले. तो मागोमाग आला, टेबलावर कागद आपटला आणि म्हणाला, "नको करूस! मीच करतो." आणि रागाच्या भरात त्याने स्वतःचं नाव घातलं, त्याच दिवसाची खरी तारीख घातली, सही ठोकली.

मग घाम पुसायला रुमाल काढायला गेला, तर खिशातून किल्ली निघाली. छोटी, काळ्या दोऱ्यात ओवलेली. दोरा घामाने ओला होता.

"ही... ही कशी आली?" त्याने दारात उभ्या असलेल्या फोरमनला विचारलं. "किल्ली कुणाकडे असते रे?"

"जो आत असतो त्याच्याकडे, साहेब."

दुसऱ्या दिवशी भाऊ आपणहून माझ्याबरोबर कारखाना निरीक्षकाकडे आला आणि सगळं सांगून मोकळा झाला. खटला झाला, शिक्षा झाली, वेल्डरच्या बायकोला जे मिळायला हवं होतं ते मिळालं. कायद्याने आपलं काम चोख केलं. ड्रम भंगारात गेला, कुलूपही त्याच्याबरोबर गेलं. किल्ली तेवढी राहिली. त्याने ती विहिरीत टाकली, भट्टीत टाकली, एकदा परगावी सोडून आला. कपडे बदलले की नव्या कपड्यांच्या खिशात ती असायचीच. तुरुंगातसुद्धा होती. सुटून आला तो असा, कुठल्याही बटणाला घाबरणारा. "ताई, मी आत आहे," तो मला म्हणायचा. "कोण कधी बटण दाबेल... सांगता येत नाही."

"तो गेला तेव्हा मी त्याचे सगळे खिसे बघितले," मी भाचीला म्हटलं. "किल्ली नव्हती. सुटला बिचारा. तेव्हा तू सही कर किंवा नको करूस, पण आधी शेडमध्ये जा, माणसांशी बोल, आत कोण उतरतं ते बघ. नुसती सही असं काही नसतं."

भाचीने पदर गळ्याभोवती ओढून घेतला. कंदिलाच्या उजेडात ती अगदी तिच्या बापासारखी दिसत होती. मला तिची दया आली. आपणच पोरीला घाबरवलं, असं वाटलं.

"झालं ते झालं," मी उठत म्हटलं. "आता ना ड्रम आहे ना कुलूप. चांगला दिवा लावते, आणि हा कंदील उद्या माळ्यावर टाक." मी भिंतीशी जाऊन बटणावर बोट ठेवलं.

"आत्या, नको!"

ती अशी किंचाळली की मी होते तिथेच थिजले. ही नक्कल नव्हती.

"सही केलीस?" मी मागे न बघता विचारलं.

"सकाळी... तू यायच्या आधीच." ती म्हणाली. "मला वाटलं, तुला नंतर सांगेन..."

मी वळून बघितलं. तिने गळ्याशी हात नेला होता. पदराआडून तिने काळा दोरा बाहेर काढला, त्यात ओवलेली छोटी किल्ली. "ही मी घातली नाही गं, आत्या. दुपारी केस विंचरताना हाताला लागली."

खोलीत लिंबाचा वास येत होता. कधीपासून येत होता कुणास ठाऊक. बटणावरचं बोट मी अगदी हळू, श्वास धरून काढून घेतलं आणि तिच्याशेजारी येऊन बसले. कंदिलातलं तेल संपत आलं होतं.