धरलेली जागा

टॉकीज बंद होणार हे कळलं तेव्हा मला फारसं काही वाटलं नाही. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि त्यानंतर बंद पडणाऱ्या गोष्टींचं मला काही उरलं नव्हतं. मग मालकांचा निरोप आला. शेवटचा आठवडा, आमच्याच टॉकीजमध्ये ज्याचं थोडं शूटिंग झालं होतं तो जुना सिनेमा लावायचा, रोज दुपारी एकच खेळ. पण जुन्या मशिनींवर काम करणारा ऑपरेटर आता मिळत नाही. मी लगेच हो म्हणालो.

त्या सिनेमात माझी बायको आहे.

नायक-नायिका सिनेमा बघायला येतात असा तो प्रसंग. बाल्कनी भरलेली दिसावी म्हणून आसपासची माणसं बोलावून बसवली होती. बायको शेवटच्या रांगेत, तिच्या नेहमीच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर. शेजारच्या खुर्चीवर तिने रुमाल टाकला होता. तो ती नेहमीच टाकायची. रीळ लावलं की मी मशीनरूममधून खाली येऊन तिच्याजवळ बसायचो, आणि रीळ संपत आल्याची घंटा वाजली की "आलोच" म्हणून पळायचो. एकही सिनेमा आम्ही सलग एकत्र पाहिला नाही. शूटिंगच्या दिवशीही मी वरच होतो. शूटिंगवाल्यांपैकी कुणीतरी रुमाल उचलून तिच्या हातात दिला आणि त्या जागेवर आमच्या डोअरकीपरला बसवलं. पडद्यावर ती त्याच्याकडे रागाने असं काही बघते की मला अजून हसू येतं.

घरी तिचे फोटो पुष्कळ आहेत. चालतीबोलती ती फक्त तिथेच होती, आणि आठवडा संपला की प्रिंट परत जाणार होती.

पहिल्या दुपारी टॉकीज भरली. छतावरची प्लास्टरची फुलं अर्धी गळलेली, बाल्कनीचा पितळी कठडा हात लागून लागून गुळगुळीत झालेला. म्हातारी माणसं एकमेकांना आपापल्या जागा दाखवत होती. कोण कुठल्या सिनेमाला कुठे बसून रडलं, ते सगळं त्यांना पाठ होतं. पडद्यावर प्रसंग आला. सगळं जसंच्या तसं होतं.

दुसऱ्या दिवशी खेळ सुटल्यावर डोअरकीपर धापा टाकत वर आला.

"मला कुणी सरकवलं रे?"

"कुठून?"

"पडद्यावरून! वहिनींच्या शेजारी होतो ना मी? आता एक खुर्ची सोडून बसलोय. जन्मात एक सिनेमा केला, त्यातही बाजूला सारलं."

"चष्मा बदल."

"तू आधी बघ, मग बोल."

पुढच्या खेळाला मी मशीनरूमच्या झरोक्याला डोळा लावला. दोघांच्या मधे एक रिकामी खुर्ची होती. तिच्यावर निळ्या काठाचा पांढरा रुमाल. बायको डोअरकीपरकडे बघत नव्हती. मान मागे वळवून वर बघत होती, मशीनरूमकडे.

खेळ संपल्यावर मी त्या प्रसंगाची फिल्मची पट्टी दिव्यासमोर धरली आणि भिंगातून एकेक चित्र पाहिलं. डोअरकीपर तिला चिकटूनच बसलेला. रुमाल नाही. तिचा तो रागही जागच्या जागी.

रात्री लेकीचा फोन आला. "बाबा, आईला रोज तिथे बघून त्रास होत नाही ना तुम्हाला?"

"नाही गं. बरं वाटतं," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

रोज ती थोडा जास्त वेळ वर बघायची. तिचे केस पांढरे होत गेले. शेवटच्या खेळाच्या आदल्या दिवशी तिची मान बारीक झाली होती, आजारपणात झाली होती तशी.

शेवटच्या दुपारी ते रीळ लावलं आणि मी खाली उतरलो. बाल्कनीत माणसं दाटीवाटीने बसली होती, पण आमच्या कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या कुणी घेतल्या नव्हत्या. मी माझ्या खुर्चीवर बसलो.

प्रसंग आला. तिने वर मशीनरूमकडे पाहिलं. मग तिची मान पुढे वळली, नजर हळूहळू खाली आली आणि माझ्यावर थांबली.

तिने रुमाल उचलला. उठली. लोकांच्या गुडघ्यांना वळसा घालत, पदर सावरत, पडद्याच्या कडेला गेली आणि दिसेनाशी झाली. नायक-नायिका हसतच राहिले.

माझ्या शेजारी स्प्रिंग कुरकुरली. आमच्या खुर्च्यांची बैठक कुणी बसलं नसेल तर वर उचललेली असते. ती खाली गेली.

मी मान वळवली नाही.

वर घंटा वाजली.

"आता नाही जात," मी म्हणालो.

रीळ संपलं. पडदा पांढरा झाला, आणि त्याच्या उजेडात सगळी बाल्कनी पांढरी. खालून शिट्ट्या सुरू झाल्या. डोअरकीपर टॉर्च घेऊन धावत आला. टॉर्चचा उजेड पायांवर टाकायचा, माणसाच्या तोंडावर कधीच नाही, ही त्याची जुनी सवय.

उजेड माझ्या चपलांवर आला. तिथून शेजारी सरकला. तिथेच थांबला.

"रीळ..." तो म्हणाला.

मग त्याने टॉर्च विझवली. जिन्यावरून त्याचा आवाज ऐकू येत होता. "होतंय, होतंय सुरू. जरा दम धरा की!"

त्याने काय पाहिलं ते मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रिंट डब्यांत भरताना मी ती पट्टी पुन्हा उजेडात धरली. डोअरकीपर त्या कोपऱ्यात एकटाच बसला होता. तिची खुर्ची रिकामी होती. रुमालही नव्हता. मी शेवटपर्यंत सगळी चित्रं पाहिली, मग डब्याला झाकण लावलं.

रविवारी लेक आली. तिने ताटं घेतली आणि टेबलाशी थांबली.

"बाबा, तुमच्या खुर्चीवर हा रुमाल कशाला टाकलाय?"

मी टाकला नव्हता.

"राहू दे," मी म्हणालो.