मेंगकाकांची फेरी आणि गायब इंटरनेट

"गेलं! परत गेलं!" आतल्या खोलीतून आई ओरडली.

दानबी अजून दारातच होती, एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा. तिचा धाकटा भाऊ हानग्योल धावत आला आणि सुट्टीच्या वहीच्या मागच्या पानावर वेळ लिहून मोकळा झाला.

"तीन वाजून दहा मिनिटं! ताई, कालही हीच वेळ होती!"

"वेळ काय लिहितोस, माठ्या? आईची शिकवणी बुडतेय!"

खरंच बुडत होती. आई घरी बसून लांबलांबच्या गावातल्या मुलांना व्हिडिओवर वाचन शिकवायची. गेला आठवडाभर गोष्ट ऐन रंगात आली, की पडद्यावरची मुलं थिजायची आणि मग नाहीशीच व्हायची. राऊटर दहादा बंद करून चालू केला, वायर बदलली, परवा तर कंपनीचा माणूसही येऊन गेला. जोडणीची पेटी बुटांच्या कपाटात मागच्या बाजूला होती. कोरियातल्या चॉन्जू शहरातल्या त्यांच्या वसाहतीत सगळ्यांच्याच घरी ती तिथं असते. हानग्योलनं त्या माणसासाठी सगळे बूट बाहेर काढून ठेवले. तो तासभर बसला, तेवढ्या वेळात इंटरनेट एकदाही गेलं नाही. "सगळं झकास आहे," असं म्हणून तो निघून गेला. दोन तासांनी इंटरनेट पुन्हा गेलं!

संध्याकाळी पाचव्या मजल्यावरचा राओन आला. तो दानबीच्याच वर्गात होता आणि वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा आहोत असं स्वतःच सांगत फिरायचा. त्यानं वहीचं पान निरखून पाहिलं.

"अकरा दहा. तीन दहा. पाच चाळीस. रोज! या वेळा कुणाच्या आहेत, सांगा बरं?"

दानबीचे डोळे चमकले. "मेंगकाकांच्या फेरीच्या!"

मेंगकाका वसाहतीचे पहारेकरी. दिवसातून तीनदा ते फेरी मारायचे, आणि मुलं गाड्यांच्या आवारात स्केटिंग करताना दिसली, की छत्री उगारून त्यांना घरी पिटाळायचे. मुलांचा त्यांच्यावर आधीच राग होता. रागावलेल्या माणसाला पुरावा फार लवकर सापडतो, आणि ही तर पोरंच!

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता काकांनी नेहमीप्रमाणे पिटाळलं. स्केट्स घाईघाईनं बुटांच्या कपाटात कोंबून तिघंही जिन्याच्या कोपऱ्यात दबा धरून बसली. काका दानबीच्या घराच्या, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर आले. इकडेतिकडे बघून त्यांनी भिंतीतलं पत्र्याचं दार किल्लीनं उघडलं. आत साऱ्या मजल्याच्या तारा होत्या! काका गुडघ्यांवर बसले आणि तारांमध्ये हात घातला.

"काढ! फोटो काढ!" राओन कुजबुजला.

दानबीनं फोटो काढला. त्याच क्षणी घरातून, शिकवणीला नुकत्याच बसलेल्या आईचा आवाज आला, "गेलं गं बाई परत!"

आता आणखी काय हवं होतं?

घरी फोटो मोठा करून पाहिला, तेव्हा काकांच्या हातात पाण्याची बाटली दिसली. तारांच्या खाली एक चटई आणि दोन-तीन बाटल्याही होत्या.

"पाणी घेत होते की काय?" हानग्योल म्हणाला.

"गप रे! बाटली नुसती मध्ये मध्ये येतेय," दानबी म्हणाली आणि तिनं फोटोचा खालचा भाग कापून टाकला. आता फोटोत फक्त काका, त्यांचा हात आणि तारा राहिल्या. दिसायला एकदम जोरदार!

इमारतीच्या प्रतिनिधी ग्वाककाकूंनी तो फोटो पाहिला मात्र, त्यांनी कपाळावर हात मारला. "माझ्या मालिकासुद्धा अडकतात त्या यामुळेच!" त्यांनी फोटो लगेच सगळ्या रहिवाशांना पाठवला. मुलांची वाहवा झाली, प्रत्येकाला दोन-दोन आईस्क्रीम मिळाली. राओननं तर एक आईस्क्रीम हातात धरून भाषणच ठोकलं.

मेंगकाका म्हणाले, "मी पाणी घेत होतो हो. पहाऱ्याच्या खोलीत भट्टीसारखं तापतं. तिथं थंड राहतं म्हणून ठेवलं होतं." पण फोटोत पाणी कुठं होतं? तीन महिन्यांचा त्यांचा करार महिनाअखेर संपत होता. तो पुढे वाढवायचा नाही, असं रहिवाशांच्या सभेत ठरलं. शनिवार हा त्यांचा शेवटचा दिवस.

दानबीला आईस्क्रीम गोड लागलं. नंतर तिला याच गोष्टीची सगळ्यात जास्त लाज वाटली.

गुरुवारी तीन वाजता मेंगकाका वसाहतीच्या व्यवस्थापकांच्या कचेरीत कागदांवर सह्या करत होते. आवारात पिटाळायला कुणीच नव्हतं. ऊन असह्य झालं, तशी मुलं आपणहून घरी आली. दानबीनं स्केट्स काढले, कपाटात कोंबले आणि कपाटाचं दार गुडघ्यानं लावलं.

"गेलं!" आई ओरडली.

तिघंही जागच्या जागी उभी राहिली.

"काका तर कचेरीत आहेत," हानग्योल हळूच म्हणाला.

राओननं कपाटाचं दार उघडलं. मागच्या पेटीतले हिरवे दिवे विझले होते. त्यानं डावा स्केट बाहेर ओढला. त्याच्या चाकाखाली पेटीतला विजेचा प्लग तिरका दाबला जात होता! स्केट बाहेर आला, तसा प्लग सरळ झाला आणि दिवे लागले. स्केट आत कोंबला, दिवे गेले. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"म्हणजे काका पिटाळायचे, म्हणून आपण घरी यायचो," राओन म्हणाला. त्याचा आवाज पार खाली गेला होता. "आणि घरी आलो, की तू..."

"कळलं मला!" दानबी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. सुट्टीत नवे स्केट्स मिळाले, त्याच दिवसापासून इंटरनेट जायला लागलं होतं. इतकी साधी गोष्ट! कंपनीच्या माणसानं तपासलं, तेव्हा बुटांबरोबर स्केट्सही बाहेर होते. सगळं डोळ्यांसमोर होतं, पण तिनं फक्त आपल्याला हवं तेच पाहिलं होतं.

"स्केट्स गॅलरीत ठेवू," राओन म्हणाला. "इंटरनेट नीट चालेल. कुणाला काही कळणार नाही."

"आणि काका?" हानग्योलनं विचारलं.

दानबीला फोटोचा तो कापलेला तुकडा आठवला. चूक कुणाचीही होते, पण तो तुकडा काही चुकून कापला गेला नव्हता.

"चला," ती म्हणाली.

व्यवस्थापकांनी सगळं ऐकलं आणि पंख्याकडे तोंड फिरवलं. "पोरांनो, ठराव झाला, सह्या झाल्या. एका प्लगसाठी आता परत सभा बोलावू का? जा, खेळा."

"पण चूक आमची आहे!"

"मग पुन्हा करू नका. झालं!"

बाहेर येऊन दानबी पायरीवर बसली. "फोनवर रहिवाशांच्या गटात लिहिलं तर ग्वाककाकू पुसून टाकतील. मीच तो फोटो दिला, आता त्या कशाला मानतील?"

राओननं खिडकीतून आत पाहिलं. व्यवस्थापकांच्या टेबलावर माईक होता. त्यात बोललेलं घराघरातल्या भिंतीवरच्या स्पीकरमधून ऐकू येतं, मग कुणाला हवं असो वा नको. कचरा वेगळा करा, गाड्या नीट लावा, अशा सूचना रोज त्यातूनच यायच्या.

"दानबी," तो म्हणाला, "व्यवस्थापकांना स्केटिंगचा फार राग आहे, नाही का?"

पाच मिनिटांनी तिघं पुन्हा आत गेली आणि मान खाली घालून उभी राहिली.

"साहेब, गाड्यांच्या आवारात मुलांनी स्केटिंग करू नये, अशी सूचना आम्हीच दिली तर? मुलं मुलांचं ऐकतात," राओन नम्रपणे म्हणाला.

"वा! याला म्हणतात समज!" व्यवस्थापकांनी खूश होऊन बटण दाबलं आणि माईक पुढे सरकवला.

दानबीनं माईक धरला.

"नमस्कार. मुलांनी गाड्यांच्या आवारात स्केटिंग करू नये." व्यवस्थापकांनी हसून मान डोलावली. "मी तीनशे चार नंबरच्या घरातली दानबी. आमचं इंटरनेट मेंगकाकांनी तोडलं नाही. माझ्या स्केटनं तोडलं."

"ए! ए पोरी!" व्यवस्थापक उठले. त्यांच्या आणि टेबलाच्या मध्ये राओन आणि हानग्योल हात पसरून उभे राहिले.

"फोटोत काकांच्या हातात पाण्याची बाटली होती. ती मी कापून टाकली. मुद्दाम कापली. फोटो जोरदार दिसावा म्हणून. काका खरं बोलत होते आणि मी खोटी होते. मला फार लाज वाटतेय. त्यांना काढू नका. बस, एवढंच." मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती पुढे म्हणाली, "आणि ग्वाककाकूंनी मला दिलेली आईस्क्रीम मी खाल्ली. तीही परत देईन."

चारशे घरांनी ते ऐकलं. आईच्या शिकवणीतल्या मुलांनीसुद्धा ऐकलं, कारण नेमकं तेव्हा इंटरनेट छान चालू होतं!

संध्याकाळी कचेरीसमोर ही गर्दी जमली. पहिल्या मजल्यावरचे आजोबा व्यवस्थापकांवर गरजले, "एका कापलेल्या फोटोवर माणूस काढता? आणि त्यांच्या खोलीत नुसता पंखासुद्धा नाही?" ग्वाककाकूंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि अखेर त्या म्हणाल्या, "मीच जास्त घाई केली." ठराव तिथल्या तिथं फाडला. मग त्यांनी दानबीच्या पाठीवर हात ठेवला. "धीट आहे हो पोरगी! खरं बोलायला हिंमत लागते!" बाकीच्यांनीही शाबासकी दिली. दानबीला प्रत्येक शाबासकी टोचत होती.

मेंगकाका मात्र त्या गर्दीत नव्हते. ते पहाऱ्याच्या खोलीत, जाण्यासाठी भरलेल्या खोक्यातून किटली परत बाहेर काढून ठेवत होते. दानबी दारात जाऊन उभी राहिली, कमरेत वाकली.

"काका, माझं चुकलं."

"ऐकलं मी. सगळ्यांनी ऐकलं," काका तिच्याकडे न बघता म्हणाले. "माझी मुलगी तिकडे पुसान शहरात असते. तिला हे कुणीतरी कळवलं होतं. काल फोनवर तिनं मला विचारलं, बाबा, तुम्ही खरंच तारा तोडल्यात का? नोकरी गेली त्याचं एवढं नाही गं. तिनं विचारलं, ते लागलं."

दानबीला रडू आवरेना. "मी तिला सांगू? मी स्वतः?"

काकांनी किटली खाली ठेवली. मग नंबर लावून फोन तिच्या हातात दिला.

चारशे घरांना सांगणं सोपं होतं. त्यात एकाचाही चेहरा दिसत नव्हता, एकाचाही श्वास ऐकू येत नव्हता. इथं पलीकडे एका ताईचा श्वास ऐकू येत होता. दानबीनं सगळं सांगितलं. स्केट, प्लग, बाटली, कापलेला फोटो.

"मीसुद्धा त्यांच्यावर शंका घेतली," ती ताई म्हणाली. "बाबा जेवलेत का गं?"

दानबीनं काकांना विचारलं.

"जेवलो म्हणून सांग," काका म्हणाले.

पण स्टूलवरचा डबा तसाच बंद होता. दानबीनं डोळे पुसले.

"नाही ताई," ती फोनमध्ये म्हणाली, "डबा उघडलेलाच नाहीये. ते खोटं सांगतायत."

मेंगकाका आधी दचकले आणि मग मोठ्यानं हसले. "ऐकलंस का?" ते फोनकडे वाकून मुलीला म्हणाले. "ही पोरगी आता मलासुद्धा सोडत नाही! चांगली आहे. चांगली आहे हो!"

त्यांनी डबा उघडला, आणि शेजारचं स्टूल पायानं तिच्याकडे सरकवलं.