म्हातारीची पाठ

गाडीची पूजा म्हटलं की हसू नका पोरांनो, व्यंकटरावही असेच हसायचे. पुढचं सगळं त्यांच्या चुलतीनं, दगडाबाईंनी मला सांगितलेलं आहे, आणि ती बाई खोटं बोलणारी नव्हती.

परभणीजवळच्या झरीपासून आत, कच्च्या रस्त्यानं दोन कोसांवर त्यांचं गाव. शहात्तर साली व्यंकटरावांनी पांढरीशुभ्र नवी गाडी आणली आणि तेव्हापासून त्यांना आरशाची गरज उरली नाही, पत्र्यातच तोंड बघायचे. त्याआधी घरात वडिलांची मोटार होती, निजामाच्या काळातली, उंच चाकांची. हँडल मारून चालू करायची, रबरी भोंगा पिळून वाजवायची. सगळं गाव तिला म्हातारी म्हणायचं. तिचा ड्रायव्हर सिताराम होता तोवर व्यंकटराव गप्प बसले. तो उन्हाळ्यात वारला, आणि यांनी तिची चारही चाकं काढून बैलांच्या टायरगाडीला लावली. म्हातारी जुन्या रिकाम्या गोठ्यात चार दगडांवर बसली, दाराकडं तोंड करून.

खंडेनवमीला पूजा झाली. नव्या गाडीला झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, सगळा थाट. कमलबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एक हार म्हातारीसाठीही ओवला होता. त्याच मोटारीतून त्या नवरी होऊन या घरात आल्या होत्या, आणि सिताराम त्यांना लेक म्हणायचा. व्यंकटरावांनी तो हार उचलून बैलापुढं टाकला.

"भंगाराला कशाला हळदकुंकू?" म्हणाले.

त्याच रात्री जेवणं उरकता उरकता कमलबाईंना कळा सुरू झाल्या. आधीची दोन पोरं हाताला लागली नव्हती. सुईणीनं हात टेकले, परभणीला न्या म्हणाली. हस्ताचा पाऊस दुपारीच कोसळून गेलेला. दगडाबाई म्हणाल्या की झरीपर्यंत टायरगाडीनं न्या, पुढं डांबरीवर कुणाची तरी जीप मिळंल.

"म्हातारीच्या पायावर माझी बायको जायची न्हाई," व्यंकटराव म्हणाले. बायकोचा जीव एकीकडं आणि यांची ऐट एकीकडं. असली माणसं कमी नाहीत, तुम्हालाही भेटतील.

निघाले. काळी माती ती. म्हातारी असती तर उंच चाकांनी तुडवत गेली असती. ही ठेंगणी गाडी ओढ्याच्या उताराला आली आणि पोटावर बसली. चाकं जागच्या जागी फिरली. व्यंकटराव खाली उतरले, घोट्याएवढ्या चिखलात उभे राहिले, परत आत येऊन बसले. एवढंच त्यांना येत होतं. मागं कमलबाई कण्हायल्या होत्या. दगडाबाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

आणि मागून भोंगा वाजला.

दोन आखूड. एक लांब.

सिताराम वळणावर वाजवायचा, तसाच.

व्यंकटरावांनी आरशात पाहिलं. उजेड नव्हता. काहीच नव्हतं...

"कोण हाय रे?"

कमलबाईंचं कण्हणं थांबलं. अगदी हळू म्हणाल्या, "सितारामकाका आलेत. मागं बघू नका."

धक्का बसला. गाडी उचलली गेली. मायेनं नव्हे. माजलेल्या पोराला मानगुटीला धरून हाकलावं, तशी. ओढा गेला. चढ गेला. व्यंकटरावांच्या हातात नुसतं स्टिअरिंगचं चाक... इंजिन बंद होतं.

झरीची डांबरी लागली. धक्का थांबला. मागं... काही नाही.

इंजिन पहिल्याच खेपेला चालू झालं. पहाटे परभणीच्या दवाखान्यात मुलगी झाली. खणखणीत रडली. व्यंकटरावही रडले, आणि मी म्हणतो, माणूस म्हणून त्यांनी केलेलं ते पहिलंच बरं काम.

दसऱ्याला संध्याकाळी कमलबाईंना आणि बाळाला नर्सबाईंच्या हवाली करून ते दगडाबाईंबरोबर परत आले, ते मोठा हार घेऊनच. थेट गोठ्याकडं गेले. दगडाबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन मागोमाग. दाराला काल लावलेलं कुलूप तसंच होतं, किल्ली व्यंकटरावांच्याच खिशात.

दार उघडलं.

चारी दगड जागच्या जागी. चाकांच्या जागची कोळिष्टकं तशीच, न तुटलेली. पण म्हातारीचं तोंड मागच्या भिंतीला टेकलेलं होतं. हार घालायला बोटभरही फट नव्हती.

दाराकडं तिची पाठ होती.