हळदीच्या मांडवातली काळी वायर

“कॅसेट कुठं ठेवल्ती ते सांग आधी,” काकासाहेब म्हणाले, आणि भुजंग पायाच्या अंगठ्याने मांडवातली माती उकरायला लागला.

“साउंडच्या बॉक्सवर,” तो म्हणाला. “थोडाच वेळ.”

“मंग झालं,” साउंडवाला मच्छिंद्र म्हणाला. “बॉक्सात लोहचुंबक असतंय. त्यानं आवाज पुसून टाकला. बाईमाणसाचा आवाज नाजूक, पहिला तोच जातो.”

मच्छिंद्र हे इतक्या खात्रीने बोलला की मांडवातल्या मोठ्या माणसांनी लगेच माना डोलावल्या. बारा वर्षांच्या कौसल्येला मात्र ते काही पटेना. आंधळ्या चुंबकाला वाजणारी पेटी कोणती आणि गाणारी बाई कोणती हे कसं कळलं? पण काकासाहेबांचा चेहरा बघता ही शंका काढायची वेळ नव्हती.

कौसल्या सुट्टीसाठी बदनापूरहून टेंभुर्णीला मामाकडे आली होती. काकासाहेब तिचे मामा, भुजंग मामेभाऊ. भुजंगच्या मोठ्या बहिणीचं, नंदाताईचं, उद्या लग्न होतं आणि आज दिवस कलता कलता हळद. त्यांच्या घरात हळदीची गाणी म्हणायचा मान आत्याचा. ही आत्या म्हणजे कौसल्येची द्वारकामावशी. तिचा गळा असा, की शेजारच्या गावांतूनही तिला हळदीला बोलावणं यायचं. पण गेल्या वर्षी मावशीच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. आवाज राहील याची डॉक्टरांनी खात्री दिली नाही, तेव्हा मावशी जालन्याला गेली आणि एका स्टुडिओत पेटी-ढोलकीच्या साथीने नंदाताईच्या हळदीची गाणी भरून आली. आता तिला कुजबुजण्याइतकंच बोलता येत होतं. तो स्टुडिओही बंद पडला होता. मावशीचा आवाज उरला होता तो फक्त या एका कॅसेटीत.

आणि आज दुपारी मच्छिंद्राने कॅसेट लावली, तर पेटी होती, ढोलकी होती, मावशी नव्हती. मावशीने सगळं गाणं उभ्याने ऐकलं. मग ती धान्याच्या खोलीत जाऊन बसली.

“आता रडत बसून काय?” काकासाहेब म्हणाले. “सिनेमाची गाणी लाव.”

“लावतो की. माझ्या दोन कॅसेटी आहेत, त्यातली निवडक गाणी याच कॅसेटीवर भरून घेतो,” मच्छिंद्र म्हणाला. “तशीबी वाया गेली. जेवून आलो की जल्दी भरतो.”

तो पंगतीकडे गेला आणि मांडवात तीन पोरं उरली: कौसल्या, भुजंग आणि भुजंगच्या वर्गातला भागचंद. भागचंदच्या वडिलांचं पेठेत कापडाचं दुकान होतं आणि त्याच्या गळ्यात सदान्‌कदा छोटा टेप लटकलेला असायचा.

“त्याच्या आत आपण काहीतरी करायला पाहिजे,” कौसल्या म्हणाली. “एकदा का वरून गाणी भरली, की संपलं.”

“काय करणार? मीच घालवला आत्याचा आवाज,” भुजंग म्हणाला.

“तू गप बस आणि बटण दाब.”

तिने बॉक्सला कान लावला. पेटी, ढोलकी. पण प्रत्येक ओळ संपली की विहिरीतून यावा तसा अगदी बारीक घुमारा येत होता. तिने भुजंगला ऐकायला लावलं, मग भागचंदला.

“बाई आहे आत,” भागचंद म्हणाला. “पुसली असती तर हेबी गेलं असतं.”

“मंग कुठं लपून बसली?”

भागचंदने डोकं खाजवलं. “माझ्या कानातल्या फोनची पिन ढिली झाली ना, की बराबर असंच होतं. गाणारा गायब, वाजवणारे हजर. पिन दाबली की गाणारा परत.”

कौसल्येने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने मच्छिंद्राच्या पेटाऱ्यातून सिनेमाची एक कॅसेट काढून लावली. सनई वाजली, तबला वाजला आणि नायक-नायिका दोघंही मुक्याने गात राहिले. ही कॅसेट तर भुजंगने हातातही घेतली नव्हती.

“बघ,” ती म्हणाली. “तू काही घालवलं न्हाईस. दोष वायरीत आहे.”

भुजंगचा चेहरा उजळला आणि तो लगेच वायरींमागे धावला. एक बॉक्स निंबाला बांधला होता, एक दाराशी. प्रत्येकाकडून एक लाल वायर मच्छिंद्राच्या मशीनपर्यंत आली होती. दोन्ही बॉक्सांच्या काळ्या वायरी मांडवाच्या मेढीपाशी, त्या पुजलेल्या खांबाजवळच्या सतरंजीखाली, एकत्र पिळल्या होत्या. तिथून एक काळी वायर मशीनला जायला हवी होती. ती नव्हती.

ती मेढीच्या मागे सापडली, नीट गुंडाळी करून ठेवलेली.

“ए, हात लावू नका त्याला,” मागून आवाज आला. शेजारच्या सगुणाबाई हळदीचं ताट घेऊन उभ्या होत्या. गावातली एकही हळद त्यांच्या देखरेखीशिवाय होत नसे. “हळदीच्या मांडवात काळं ठेवत असतेत का? मेढीवरच लोंबत होतं. मीच काढलं सकाळी.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“आजी,” कौसल्या शांतपणे म्हणाली, “त्या काळ्यासंगं मावशीचा आवाजबी निघून गेला.”

“काहीबी बोलू नको. गाणं तर वाजून राह्यलं होतं.”

“वाजत होतं ना, म्हणूनच कुणी वायरी पाहिल्या न्हाईत. तुम्ही फक्त ऐका.”

“ऐकते. पण काळं मेढीला लागू देणार न्हाई.”

आता आली का पंचाईत. कौसल्येने क्षणभर विचार केला आणि सगुणाबाईंच्या ताटातली मूठभर ओली हळद उचलली. तिने वायर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळदीने माखली. फक्त तांब्याची टोकं कोरडी ठेवली.

“आता चालंल?”

सगुणाबाईंनी वायर उलटसुलट करून पाहिली. “चालंल,” त्या नाइलाजाने म्हणाल्या.

भुजंगने मशीन बंद केलं, भागचंदने टोकं जोडली, कौसल्येने मशीन चालू करून मावशीची कॅसेट लावली. एका बॉक्समधून पेटी आली, दुसऱ्यातून ढोलकी, आणि दोन्हींमधून एकदमच द्वारकामावशी गायला लागली.

पंगतीतला मच्छिंद्र हातात घास घेऊनच आला. पाठोपाठ काकासाहेब आले. धान्याच्या खोलीचं दार उघडलं. मावशी दारातच थांबली आणि तिने चौकट घट्ट धरली.

“हे कसं काय?” मच्छिंद्राने विचारलं.

“मावशी दोन्हीकडं सारखी आहे,” कौसल्या म्हणाली. “काळी वायर सुटली की एक बाजू दुसरीतून वजा होती. सारखं असतं ते कटतं, वेगळं असतं ते उरतं. गणितात असतंय तसंच. फक्त घुमारा दोन्हीकडं वेगळा असंल, म्हणून तो राहिला.”

“आवाज येऊन राह्यला होता, म्हणून मी वायरी बघितल्याच न्हाईत,” मच्छिंद्र पुटपुटला. काकासाहेबांनी भुजंगला जवळ ओढलं. “उगं बोललो तुला,” ते म्हणाले. भुजंगला भर मांडवात रडू आलं आणि त्याने ते लपवलंही नाही.

ऊन उतरल्यावर हळद लागली. मावशीचं पहिलं गाणं वाजलं, नंदाताईचे डोळे भरून आले. पण एक गोष्ट कौसल्येच्या लक्षात आली. एरवी मावशी ओळ म्हणायची आणि साऱ्या बायका ती झेलायच्या. आज कोणी तोंडच उघडत नव्हतं. सगळ्या हात जोडून ऐकत बसल्या होत्या, आणि हळद कशी सुनीसुनी चालली होती.

मावशीने कौसल्येला खुणेने बोलावलं आणि तिच्या कानाशी तोंड नेलं.

“ती वायर काढ.”

“काय? मावशी, तुझा आवाज जाईल.”

“कॅसेटीत हाय तो, जात न्हाई. तू लहानपणापासून ऐकतीस. म्हण.”

“मला न्हाई येणार.”

“पेटी सूर देईल. म्हण.”

कौसल्येने मच्छिंद्राला सांगून वायर काढायला लावली. दुसरं गाणं सुरू झालं, नुसतं पेटी-ढोलकीचं. मावशीच्या आवाजाच्या मोकळ्या जागेत तिने पहिली ओळ म्हटली. आवाज थरथरला, पण सुरात होता. दुसऱ्या ओळीला सगुणाबाईंनी खणखणीत साथ दिली आणि मग सगळा मांडवच गायला लागला. मावशी कौसल्येच्या शेजारी बसून, आवाज न करता, शब्द न् शब्द म्हणत होती.

गाणं संपलं. मावशीने हळदीचं बोट कौसल्येच्या गालाला लावलं.

“बराबर म्हणलीस,” ती कुजबुजली. “दुसऱ्या कडव्याला घाई केलीस तेवढी. परत म्हण.”