पडद्यावरचा थर

यीस्टने आंबवलेल्या द्रावणातून अल्कोहोल वेगळं काढणं, हे आमचं काम. द्रावण एका पातळ पडद्याला घासत फिरतं आणि पलीकडे अल्कोहोल तेवढं झिरपतं. पडद्यावर मेलेल्या यीस्टचा चिकट थर बसला, की प्रवाह मंदावतो. मग पडदा कॉस्टिक सोड्याने धुवायचा. यात गूढ काही नाही.

संध्याकाळी घरी गेलो की बायको माझ्या कॉलरीला नाक लावून म्हणायची, "आलं आमचं पिंप." मला स्वतःला कधीच वास आला नाही. पण त्या तीन शब्दांसाठी मी जिना धावत चढायचो.

एकदा त्या थराला डांबराच्या गोळ्यांचा वास आला. सासूबाईंच्या पेटीला यायचा तसा. ऑपरेटर बाईंनाही आला. नमुना तपासला, तर नुसतं यीस्ट. पडदा धुतला. घरी गेल्यावर मी सहज म्हणालो, "आज तुझ्या आईच्या पेटीची आठवण झाली."

"कुठली पेटी?"

मला वाटलं, चेष्टा करतेय.

पुढच्या खेपेला बेबी पावडरचा वास. तोही धुतला. घरी बायको आमच्या लेकीचा लहानपणचा फोटो पुसत होती. "गोड आहे. कोणाची हो ही?"

डॉक्टरांना काही सापडलं नाही. मी असले संबंध जोडणारा माणूस नाही. तरीही ऑपरेटर बाईंना बजावलं, "मी वास घेतल्याशिवाय पडदा धुवायचा नाही."

"उत्पादन बोंबलेल, साहेब."

"बोंबलू दे."

आज प्रवाह पुन्हा मंदावला. बाईंनी पडदा उघडला. मी वाकून चारचारदा हुंगलं. नेहमीचं आंबूस यीस्ट, बाकी काही नाही. जीव भांड्यात पडला.

"धुवा," मी म्हणालो.

कॉस्टिक सोडून बाई हात पुसत आल्या. "या वेळी गंमतच झाली."

"कसली?"

"तुम्हाला नाही आला? तुमचाच तर वास होता. तुम्ही दारातून आत आलात की येतो, तो."

मी धावत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला. पडदा लख्ख झाला होता.

घराची बेल वाजवली. बायकोने दार उघडलं. माझ्या कॉलरीजवळ ती आली नाही. हसून बाजूला झाली, पंखा लावला.

"बसा ना," ती म्हणाली. "हे येतीलच एवढ्यात."

टेबलावर माझा चहा तिने बशीने झाकून ठेवला होता.