शेवंतीचा ठसा

तो दिवा राहू दे बंद. डोळे सरावतात काळोखाला. पाणी प्यायचं असेल त्याने आताच पिऊन घ्या, मधे कोणी उठायचं नाही.

ही गोष्ट माझी नव्हे. सहदेव तांबे म्हणून माझा शेजारी होता साकीनाक्याला, एका भिंतीपलीकडे. चादरींवर वेलबुट्टी छापतात ना, तिचे सागवानी ठसे कोरायचा. मला अक्षर येत नाही, पण त्याच्याकडे बसून एक शिकलो. ठसा कोरायचा उलटा, तेव्हा छाप येतो सरळ. मोराची चोच कापडावर उजवीकडे हवी, तर लाकडात ती डावीकडे. नवशिका माणूस पहिल्या दिवशी हमखास इथेच चुकतो. सहदेव वीस वर्षांत कधी चुकला नव्हता.

साल त्र्याऐंशी. गुरुवार, सहा ऑक्टोबर. सर्वपित्री अमावास्या.

त्याची बायको शेवंती जाऊन दीड वर्ष झालं होतं. तापाने गेली, चार दिवसांत. मागे शकु, पाच वर्षांची. आणि घरात शेवंतीचा फोटो म्हणाल तर एकही नाही. लग्न गावी झालं, कणकवलीकडे, फोटोवाला आलाच नाही. पुढे घाटकोपरला स्टुडिओवरून जाताना ती थांबायची. म्हणायची, "एक फोटो काढूया हो. उद्या माका काय झाला तर चेडवाक, शकुक काय दाखवतलात?" हा म्हणायचा, दिवाळीला काढू. तीन दिवाळ्या गेल्या.

शकु रोज विचारायची, "बाबा, आई कशी दिसायची?" आधी तो सांगायचा. नाक जरा तिरकं, हनुवटी अशी. मग सांगता सांगता अडायला लागला. लाकूड घेऊन तिचा चेहरा कोरायला बसायचा. मला भिंतीतून टकटक ऐकू यायची. मग ती थांबायची. सकाळी ते लाकूड बंबात. एकदा माझ्याशेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "काका, चेहरा पुसत चाललाय. भुवईवरचा व्रण तेवढा उरलाय." लहानपणी विळीवर पडली होती ती. डाव्या भुवईवर व्रण. समोरून बघणाऱ्याला उजव्या हाताला दिसायचा. एवढं ध्यानात ठेवा.

त्या गुरुवारी तो कामासाठी मुलुंडला निघाला. तिथे मार्तंडभाऊ म्हणून बँकेतले एक साहेब होते, शाळेच्या हॉलात परदेशी सिनेमे दाखवायचे. त्या दिवशी जपानी सिनेमा होता, जुन्या काळचा. लाकडावर चित्रं कोरून कागदावर छापणाऱ्या कलावंताचा. भाऊंना वाटलं, दारात आपलाही कारागीर बसवावा, येणाऱ्याच्या कागदावर कमळाचा ठसा मारून द्यावा. सहदेवने सकाळी शेवंतीच्या नावाने पान ठेवलं. कावळा शिवला नाही. दुपारी शकुला माझ्याकडे सोडलं, पिशवीत ठसा, शाई, कोरायची पटाशी घातली आणि दोन बस बदलून पोचला.

"जरा हसून मारा हो ठसा, तांबे," भाऊ म्हणाले. "लोकांना वाटेल जकात नाका आहे."

सात वाजता भाऊ माईकवर बोलले. सिनेमावर इंग्रजी अक्षरं नाहीत, म्हणून कागदावर गोष्ट दिलीय, म्हणाले. आणि त्या लोकांच्या कपड्यांकडे बघा, म्हणाले. झग्याची डावी बाजू नेहमी वर. उजवी वर घालतात ती फक्त मेलेल्याला.

दिवे गेले. सहदेव मागे सिनेमाच्या मशीनपाशी उभा राहिला, चंद्रप्रकाशजवळ. मशीन त्याच्याकडे. एकच मशीन, म्हणून दर वीस मिनिटांनी थांबून रीळ बदलायचं.

तिसऱ्या रिळात त्या कलावंताची बायको मेली. माणूस तिचा चेहरा कोरायला बसला. कोरतोय, फोडतोय. पुन्हा कोरतोय. सहदेवने मशीनचं टेबल घट्ट धरलं होतं.

"सहदेव, टेबल हलवू नको ना यार. पडदा हलतोय."

चौथं, शेवटचं रीळ लागलं आणि आवाज गेला. नुसती घरघर. चंद्रप्रकाशने ती बंद केली. लोक गप्प बसून राहिले. त्यांना वाटलं, हीच कला असेल.

पडद्यावर बाजार होता. सहदेवला काहीतरी खटकलं. कलावंताने पटाशी डाव्या हातात धरली होती. मघाशी उजव्या हातात होती. भात खाणारा म्हातारा, तोही डावखुरा. पोरं डावखुरी. सगळं गाव डावखुरं कसं असेल? आयुष्यभर उलटं बघून सरावलेले डोळे त्याचे. लगेच कळलं.

"चंद्रप्रकाश, रीळ उलटं भरलंस तू."

चंद्रप्रकाशने वाकून बघितलं. "आयला, हो रे. गुंडाळताना पलटी खाल्ली, म्हणूनच आवाज गेला. आता काढलं तर पब्लिक बोंबलेल. चालू दे. कोणाला जपानी वाचता येतंय?"

सहदेवने पुन्हा पडद्याकडे बघितलं. झगे... सगळ्यांची उजवी बाजू वर. म्हातारे, पोरं, भाजीवाल्या. बाजार भरलेला, आणि एकूण एक माणूस मड्यासारखा नेसलेला. आपल्यातही मेल्याचं सगळं उलटंच करतात ना...

मग कलावंताची खोली आली. चटई. चटईवर पाठमोरी बाई.

तिने उजव्या हाताने केस कानामागे सारले.

उजव्या हाताने.

सगळा पडदा उलटा. ती एकटी सरळ.

तिने मान वळवली.

व्रण. बघणाऱ्याच्या उजव्या हाताला.

शेवंती होती.

ती नुसती बसून होती. फोटोसाठी बसतात तशी. हात मांडीवर. हलत नव्हती. तिच्यामागे तो कलावंत येत होता, जात होता... त्याला ती दिसत नव्हती.

सहदेवने पिशवीतून कमळाचा ठसा काढला. पाठ कोरी होती. मशीनच्या फटीतून उजेडाची एक पट्टी येत होती, तिच्यात लाकूड धरलं. पटाशी लावली. कपाळ... नाक... हनुवटी... बोट कापलं. कळलं नाही. मान वर, मान खाली. रीळ किती उरलं, एवढंच बघत होता. चकती बारीक होत चाललेली. "थांब," तो पुटपुटत होता. "थांब गं... डोळे राहिलेत..."

ती थांबली होती. पापणीसुद्धा नाही.

शेवटची रेघ ओढली, आणि पडदा पांढरा झाला.

लोक गेल्यावर त्याने चंद्रप्रकाशचे पाय धरले. अक्षरशः धरले.

"एकदा लाव. तेवढंच रीळ. एकदाच."

"वेडा झालास काय रे? रक्त येतंय तुझ्या हाताला."

पण लावलं बिचाऱ्याने. सरळ लावलं. चटई आली. रिकामी. सहदेव म्हणाला, उलटं लाव. उलटं लावलं. चटई... रिकामी. 

"कोण बघायचंय तुला?" चंद्रप्रकाशने विचारलं.

सहदेव ठसा उचलून बाहेर पडला.

परतीच्या बसमध्ये तो एकटाच होता. साडेदहा झाले असतील. रस्त्याचे दिवे एकेक करून मांडीवरच्या लाकडावरून जात होते. चेहरा तोच. अगदी तोच. त्याने व्रणावर बोट ठेवलं... उजवीकडे. आणि बोट तिथेच थांबलं.

घाईत, दिसली तशी कोरली होती. सरळ.

सरळ कोरलेल्याचा छाप उलटा येणार. व्रण भलत्या भुवईवर. तिरकं नाक भलतीकडे. दुसरीच कुणी बाई. आणि पुन्हा कोरायला चेहरा आठवेल, तर तोही नाही. ती आली होती तेवढ्यासाठी... बसली होती तेवढ्यासाठी... आणि हा नवशिक्यासारखा चुकला.

घरी आला. मी शकुला आणून निजवलं. हा लाकूड मांडीवर घेऊन बसला. शाई लावेना. मी म्हटलं, "बघ तरी छापून." म्हणाला, "नको काका. ही पण जाईल."

शकु जागी झाली. "बाबा, काय आणलं?"

पोरीला नाही कसं म्हणणार? त्याने शाई लावली. कागद ठेवला. तळहाताने दाबला. उचलला, आणि न बघताच तिच्याकडे दिला. तोंड भिंतीकडे केलं.

शकु बघत राहिली. मग म्हणाली, "आई."

तिने कागद जवळ घेतला.

"इथे लागलं होतं ना आईला?"

सहदेव वळला. तिचं बोट कागदावर होतं. उजवीकडे.

त्याने ठसा उचलला. दिव्याखाली धरला. मीही वाकलो. लाकडात व्रण उजवीकडे. कागदावर व्रण उजवीकडे.

त्याच ठशाचे सहदेवने पुढे चाळीस-पन्नास छाप काढले. मी मोजले नाहीत, पण बघितले सगळे. एकूण एक उलटा आला, व्रण डावीकडे. यायलाच हवा. लाकडाचा धर्मच तो.

तो पहिला कागद शकुच्या उशाखाली असतो.